तेरा आठवडे कीटो, भाकरीच्या घरात

६ जानेवारी २०२४, शनिवार (सुरू करायच्या आधी)

कुठून सुरुवात केली ते आधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणाला ताळा करून बघता येईल. वय ४२, उंची पाच फूट तीन इंच, वजन ८१.४ किलो. नोकरी पतसंस्थेत कॅशला, म्हणजे दहा ते सहा खुर्ची. डिसेंबरमधे दुसऱ्याच कारणाने पोटाची सोनोग्राफी केली त्यात फॅटी लिव्हर ग्रेड १ निघालं, मग डॉक्टरांनी सगळंच रक्त बघायला सांगितलं. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.२, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा उंबरठा). उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २१४, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२४, एसजीपीटी (लिव्हरचा आकडा) ५८. क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, थायरॉइड ठीक. तपासण्यांचा खर्च २,३५० रुपये.

मावसबहिणीने कीटो (भाकरी, भात, साखर यातले कार्ब्स जवळजवळ बंद करून पोट तूप-तेलावर भरायचं तो आहार) करून अकरा किलो कमी केलं होतं म्हणून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सरळ हो पण म्हटलं नाही आणि नाही पण. म्हणाले हा आहार मुळात वजनासाठी निघालाच नव्हता, १९२१ मधे अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला, आणि औषधांनी न थांबणाऱ्या फिट्ससाठी लहान मुलांना आजही देतात पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखाली. मला म्हणाले तुम्हाला औषधं कसली चालू नाहीत, किडनी चांगली आहे, तीनच महिने करा, तीन महिन्यांनी हेच सगळं रक्त परत तपासा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला मला विचारल्याशिवाय यात घेऊ नका.

ठरवलं ते असं: दिवसाला कार्ब्स ३० ग्रॅमच्या आत, प्रोटीन ६५ च्या आसपास, बाकी पोट भरायचं ते तूप-तेल-खोबरं-दाण्यातून. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला, ४५० रुपये. यात कंजूषी करू नका, काटा नसेल तर कीटो अंदाजपंचे होतं.

७ जानेवारी, रविवार

आज फक्त मोजलं, सोडलं काही नाही. आमच्या घरच्या एका भाकरीला ज्वारीचं पीठ ७० ग्रॅम लागतं. त्यात ४५ ग्रॅमच्या वर कार्ब्स. म्हणजे एका भाकरीतच दीड दिवसाचा कोटा संपला. चहात दोन चमचे साखर आणि अर्धा कप दूध धरलं तर १५, असे तीन चहा, म्हणजे ४५ नुसते चहाचे! मी आजपर्यंत भाताला दोष देत होते आणि चहाकडे कधी बघितलंच नव्हतं. कीटो करा नका करू पण एक दिवस हे मोजून बघाच.

८ जानेवारी, सोमवार. दिवस १

सकाळी तीन अंड्यांची पोळी तुपात, बिनसाखरेचा कोरा चहा. डब्यात पनीर आणि मेथी. रात्री दोडका, दह्याची वाटी, मूठभर दाणे. कार्ब्स २६. भूक अजिबात लागली नाही, मला वाटलं सोपं आहे हे.

११ जानेवारी, गुरुवार. दिवस ४

परवापासून डोकं ठणकतंय. काल कॅश मोजताना शंभराचं बंडल तीनदा मोजलं तरी आकडा लागेना, पाय गळून गेल्यासारखे, जिना चढताना छातीत धडधड. याला कीटो फ्लू म्हणतात हे माहीत होतं पण मी सहन करत बसले, वाटलं आपोआप जाईल. चूक होती ती.

कारण साधं आहे. कार्ब्स तोडले की इन्सुलिन खाली येतं आणि मग किडनी मीठ आणि पाणी भराभर बाहेर टाकते. आपण त्याच वेळी लोणचं पापड बंद केलेलं असतं, बाहेरचं खाणं बंद केलेलं असतं, म्हणजे मीठ दोन्हीकडून जातं. आज बुधवारच्या मटणाचं अळणी शिल्लक होतं (आमच्याकडे तिखट घालायच्या आधी मटण शिजवलेलं पाणी बाजूला काढतात ते), त्याची मोठी वाटी गरम केली, मीठ घातलं, थोडी मिरपूड, आणि बसून प्यायले. अर्ध्या तासात डोकं हलकं झालं, खरंच अर्ध्या तासात. संध्याकाळी ताकात अर्धा चमचा मीठ घालून परत.

आता रोजचं ठरलं, सकाळी अकराला मीठ घातलेलं ताक, संध्याकाळी अळणी नाहीतर पालकाचं सूप. फक्त एक, ज्यांना बीपी आहे, बीपीची गोळी चालू आहे किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी हे मीठ वाढवायचं काम स्वतःच्या मनाने करू नये.

१४ जानेवारी, रविवार, भोगी. दिवस ७

वजन ७८.८. आठवड्यात २.६ किलो. ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांचे डोळे मोठे झाले, पण हे चरबीचं वजन नाही. लिव्हर आणि स्नायूंत जी साखर साठवलेली असते ती प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून असते, साठा संपला की पाणी पण जातं. परत दोन दिवस भात खाल्ला की ते परत येतं. पहिल्या आठवड्याचा आकडा बघून कुणी हुरळून जाऊ नका आणि तो आकडा बघून कुणाला कीटो विकत पण देऊ नका.

आज भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भाकऱ्या मीच बडवल्या, अकरा. घरात खाणारे चार, त्यातली एक मी नाही. तव्यावर भाकरी फुगली की जो वास येतो तीळ भाजल्याचा, तो नाकात घेऊन दुसऱ्या शेगडीवर स्वतःसाठी पनीर परतायचं. सासूबाई म्हणाल्या, "अगं भोगीला तरी खा गं, वर्षाचा सण आहे." मी भाजी खाल्ली थोडी, गाजर आणि हरभरे बाजूला काढून. हे लिहिते कारण कीटोच्या माहितीत हे कुणी सांगत नाही, ज्या बाईने कीटो करायचं असतं तिलाच बाकीच्यांच्या भाकऱ्या पण करायच्या असतात.

१८ जानेवारी, गुरुवार. दिवस ११

संक्रांतीला तिळगूळ हातात घेतला, कपाळाला लावला आणि पदरात बांधला. हळदीकुंकवाला पाच घरी जायचं होतं, दोन घरी गेले. खाल्लं नाही तर लोक विचारतात आणि सांगितलं की मग दहा मिनिटं त्यावर चर्चा.

पैसे वाया गेले त्याची नोंद: ऑनलाइन कीटो आटा मागवला, एक किलो ६४० रुपये. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लो कार्ब. मागे बारीक अक्षरात वाचलं तर १०० ग्रॅमला कार्ब्स ३१ आणि सगळ्यात जास्त त्यात सोयाबीन आणि गव्हाचं ग्लुटेन. दोन पोळ्यांना माझा दिवस संपतो. पाकीट मागे फिरवून वाचा मगच पैसे द्या.

२१ जानेवारी, रविवार. दिवस १४

बदामाच्या पिठाची भाकरी. आज तीन वेळा केली, तीनही वेळा फसली, कशी फसली ते नीट लिहिते.

पहिली, बदाम मिक्सरला फिरवले, जास्त फिरले आणि तेल सुटून गोळा झाला. दुसरी, थांबत थांबत फिरवून कोरडं पीठ केलं, ज्वारीसारखंच गरम पाणी घालून मळलं, परातीत थापायला घेतलं तर पहिल्या थापेलाच कडा चिरत गेल्या, उचलली तर अर्धी हातात अर्धी परातीत. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी चिरते तसंच, फक्त इथे विरी मुळातच नाही. ज्वारीत ग्लुटेन नसलं तरी गरम पाण्याने तिच्यातलं स्टार्च चिकट होतं म्हणून भाकरी धरते, आणि स्टार्चच तर आपण काढून टाकलंय. तिसरी, अंडं घातलं, तव्यावर धिरडं झालं, खायला बरं होतं पण भाकरी नव्हे.

चौथा प्रयत्न रात्री, हा जमला: बदामाचं पीठ ४० ग्रॅम, भाजून दळलेलं जवस २० ग्रॅम, इसबगोल एक मोठा चमचा, मीठ, कडकडीत पाणी, आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं, हे दहा मिनिटं महत्त्वाचे. मग प्लास्टिकच्या दोन कागदांमधे हलक्या हाताने पसरायचं आणि हातावर उलटून, कागद काढून मग तव्यावर टाकायचं. फुगत नाही. पण तांबड्या रश्श्यात बुडवली तर तुटत नाही, तेवढं मला पुरे. एकीचा खर्च साधारण ४० रुपये पडतो. ज्वारीची भाकरी तीन-चार रुपयांत होते.

२४ जानेवारी, बुधवार. दिवस १७

पोट साफ होत नाही, आज चौथा दिवस. कारण मीच, अंडी पनीर चिकन यातच पोट भरत होते आणि भाजी दोन चमचे. भाजीत कार्ब्स आहेत म्हणून भाजीच कमी केली, हा उलटा हिशोब. आजपासून जेवणात निम्मं ताट भाजी, पालक, मेथी, दुधी, पडवळ, दोडका, फ्लॉवर, कोबी, वांगं, शिवाय रात्री इसबगोल आणि पाणी तीन लिटर. मोजून बघितलं, २५० ग्रॅम पालेभाजीने कोटा मोडत नाही. कोटा मोडतो तो कांद्याने. एका मध्यम कांद्यात सात-आठ ग्रॅम, आणि आमच्या रश्श्याला चार कांदे भाजून वाटायची पद्धत. कांदा एकावर आणला, बाकी दाटपणा खोबरं आणि तिळाने. सुकं खोबरं भाजून वाटलं तर चव फारशी बदलत नाही, हे यांना पण कळलं नाही.

१ फेब्रुवारी, गुरुवार. दिवस २५

वजन ७६.९. लघवीतले किटोन (कार्ब्स नसले की शरीर चरबीतून जे इंधन बनवतं ते) बघायच्या पट्ट्या घेतल्या होत्या, ५० ची बाटली ५८० रुपये. पहिले दोन आठवडे गडद जांभळ्या यायच्या, आता फिक्या गुलाबी. मी घाबरून दोन दिवस दही पण बंद केलं. नंतर कळलं की या पट्ट्या लघवीतून वाया जाणारं ॲसिटोॲसिटेट (किटोनचाच एक प्रकार) मोजतात, शरीर किटोन वापरायला शिकलं की वाया जाणं कमी होतं आणि पट्टी फिकी पडते. त्यात मी बाटली बाथरूममधल्या फळीवर ठेवली होती, दमट हवा लागून उरलेल्या पट्ट्या पण खराब झाल्या. परत घेतल्या नाहीत. खरं मोजायचं असेल तर रक्तातले किटोन मोजायचं मीटर, ०.५ ते ३ च्या मधे असेल तर कीटोसिस म्हणतात, पण त्याच्या पट्ट्या महाग. मला तर काटा, कंबरेची टेप आणि वही एवढ्यावर निभावलं.

चांगलं काय ते पण लिहायला पाहिजे. दुपारी तीनला खुर्चीत जी पेंग यायची ती गेली. पूर्ण गेली. संध्याकाळी घरी आल्यावर हात थरथरेपर्यंत जी भूक लागायची आणि मी चिवड्याचा डबा घेऊन उभ्या उभ्या खायचे ते नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा जेवण झाल्यावर पुढच्या जेवणाचा विचार डोक्यात नाही. माझ्यासाठी हा वजनापेक्षा मोठा फायदा आहे, आणि याचं मोल मी कमी करणार नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार. दिवस ३४

ही नोंद सगळ्यांनी वाचा, बाकी वाचलं नाही तरी चालेल.

दुसरा शनिवार म्हणून मी घरी. साडेअकराला सासूबाई देवघरासमोरून उठल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. हात लावला तर थंडगार, कपाळाला घाम, ब्लाउज पाठीला चिकटलेला, बोलायला गेल्या तर शब्द अडखळत होते. मीटरवर साखर ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितली तर ९२, मग अर्धी भाकरी आणि दूध दिलं. त्या पंधरा मिनिटांत माझे हात त्यांच्यापेक्षा जास्त कापत होते.

विचारल्यावर हळूहळू बाहेर आलं. पाच दिवसांपासून त्या सकाळची भाकरी खातच नव्हत्या, कावळ्यांना टाकत होत्या. "तुझी साखर उतरली, वजन उतरलं, मला वाटलं माझी पण उतरंल, तुला कशाला त्रास द्यायचा, म्हणून मनानंच केलं." डायबेटिसच्या गोळ्या मात्र रोजच्या रोज चालू होत्या.

त्याच संध्याकाळी गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे गेलो. एक गोळी ग्लिमेपिराइड, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात भाकरी असो नसो. भाकरी नाही आणि गोळी आहे, म्हणून ५८. दुसरी डॅपाग्लिफ्लोझिन, ती लघवीवाटे साखर बाहेर काढते. तिच्याबद्दल डॉक्टर जास्त गंभीरपणे बोलले, की ही गोळी चालू असताना कुणी कार्ब्स एकदम तोडले तर रक्तात किटोन वाढून रक्तच आम्लधर्मी होऊ शकतं, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, आणि मीटरवर साखर फार वाढलेली दिसत नाही म्हणून घरच्यांना वाटतं साखर तर बरी आहे, आणि उशीर होतो. नाव ज्यांचं शेवटी ग्लिफ्लोझिन आहे त्या सगळ्या गोळ्यांना हे लागू. मेटफॉर्मिन एकटी असेल तर एवढी भीती नाही. पण गोळी कमी करायची का, कोणती, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं, आहार बदलायच्या आधी, नंतर नाही.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच मला सांगितलं होतं की घरात दुसऱ्या कुणाला यात घेऊ नका. मी घेतलं नव्हतं, पण एकाच स्वयंपाकघरात रोज माझं ताट वेगळं दिसत होतं आणि मी वजनाचे आकडे जेवताना मोठ्याने सांगत होते. त्यांना समोर बसवून सांगायला पाहिजे होतं की आई, हे तुमच्यासाठी नाही, आणि का नाही. ते मी केलं नाही. तुमच्या घरात कुणी डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर कीटो सुरू करायच्या आधी त्यांच्याशी हे बोला, तुम्ही एकट्याच करणार असाल तरी.

आजपासून सकाळची भाकरी त्या माझ्यासमोर खातात.

१९ फेब्रुवारी, सोमवार. दिवस ४३

वजन ७५.६ वर दोन आठवडे घुटमळतंय, रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं टाळली तरी. वही चाळली तेव्हा सापडलं, दाणे. कार्ब्स कमी म्हणून येता-जाता मूठ, भाजीत कूट, चटणीत कूट. काल दिवसभरात जेवढे दाणे खाल्ले तेवढेच वाटीत वेगळे काढत गेले तर रात्री ११० ग्रॅम भरले, म्हणजे सहाशेच्या वर कॅलरीज नुसत्या दाण्यांच्या. कीटोत कॅलरी मोजायची गरज नाही असं सांगतात ते खरं नाही, भूक कमी होते म्हणून आपोआप कमी खाल्लं जातं एवढंच, आणि दाणे-तूप-चीज भुकेशिवाय पण आत जातं. तूप घातलेली कॉफी पण बंद केली, मळमळायचं आणि उगाच दोनशे कॅलरी. दाणे ३० ग्रॅम, सकाळीच मोजून.

८ मार्च, शुक्रवार, महाशिवरात्र. दिवस ६१

वजन ७४.२. उपासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वरी पण त्याच जातीची, बटाटा रताळं नाही. मग उरलं दही, दाणे, खोबरं, काकडी. ताकात मीठ (सैंधव) घालून दिवस काढला, त्रास झाला नाही. उपास एवढा सोपा कधीच गेला नव्हता.

मुलीची दहावी चालू आहे. काल रात्री भात पुढे सरकवून म्हणाली, "आई, मी पण भात सोडते, बारीक होते." सोळाव्या वर्षात आहे, अंगाने काडी. मी लगेच ताट तिच्याकडे ओढलं आणि वरण वाढलं. यांच्याशी बोलून ठरवलं की घरात वजनाचा आकडा मोठ्याने बोलायचा नाही, मी पण नाही. काटा आता आमच्या खोलीत कपाटामागे.

२३ मार्च, शनिवार. दिवस ७६

केस. विंचरताना कंगव्यात नेहमीच्या तिप्पट, बाथरूमच्या जाळीवर रोज गुंता. वजन भरभर उतरलं की दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात असं डॉक्टर म्हणाले. प्रोटीन बघायला सांगितलं. बघितलं तर मी ६५ धरलं होतं पण प्रत्यक्षात बऱ्याच दिवशी ४५-५० च होतं, मटण-मासे नसलेल्या दिवशी हमखास. पनीर वाढवलं, एक अंडं जास्त. पाळी पण या महिन्यात नऊ दिवस उशिरा आली, आधी कधी असं नव्हतं.

खर्चाचा हिशोब आज केला. अंडी, पनीर, बदाम, तूप, जास्तीचं मटण आणि बांगडा धरून वाणसामानाचं बिल महिन्याला साधारण ३,८०० नी वाढलं, माझ्या एकटीसाठी. धान्य कमी लागल्याने वाचले ते दीडशे-दोनशे. शिवाय वाया गेले ते आटा ६४०, पट्ट्या ५८०, आणि एक नारळाच्या साखरेचं पाकीट २९०, जे शेवटी साखरच निघालं. वेळ म्हणाल तर दोन स्वयंपाकांचा रोज पाऊण तास जास्त. हा पाऊण तास ज्यांच्याकडे नाही त्यांनी कीटो निवडायच्या आधी तोच विचार करावा.

८ एप्रिल, सोमवार. तेरा आठवडे झाले

वजन ७२.९, म्हणजे साडेआठ किलो कमी. कंबर चार इंच.

रक्त: एचबीएवनसी ५.६, उपाशी साखर ९४, ट्रायग्लिसराईड ११८, एचडीएल ४४, एसजीपीटी ३४. रिपोर्ट हातात घेऊन मी लॅबच्या बाहेर पायरीवरच बसले, डोळ्यात पाणी आलं. मग खालची ओळ बघितली. एलडीएल १७१. होतं १२४. युरिक ॲसिड ५.८ वरून ६.६.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हणाले लिव्हर आणि साखरेचा फायदा खरा आहे, त्यातला बराचसा वजन उतरल्यामुळे, आणि वजन कोणत्याही मार्गाने उतरलं असतं तरी मिळाला असता. एलडीएलचं मात्र असं आहे की काही लोकांचं कीटोत जरा पण हलत नाही, काहींचं असं उडी मारतं, आणि आधी तपासलं नसेल तर कळायचा मार्ग नाही. माझ्या वडिलांना ५४ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. ते ऐकल्यावर त्यांनी जास्त चर्चा केली नाही, कडक कीटो थांबवा म्हणाले, तूप-खोबरं-लोणी कमी करून शेंगतेल, मासे, जवस, डाळी, आणि एक भाकरी परत सुरू करा, आठ-दहा आठवड्यांनी लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) परत.

मला थांबवायचं नव्हतं, हे खरं सांगते. दुपारची पेंग गेलेली, ती शांत भूक, ती सोडायची भीती वाटत होती.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

पुरणपोळी नाही केली माझ्यासाठी, एकदम गोडावर उडी नको. रात्री ज्वारीची एक भाकरी, पन्नास ग्रॅम पिठाची, मुद्दाम मोजून, वांग्याची भाजी आणि दही. सासूबाईंनी स्वतः बडवली ही भाकरी, पापुद्रा असा सुटलेला की त्यात बोट घालून वाफ बाहेर काढली त्यांनी आणि तूप न लावता माझ्या ताटात ठेवली. दोन तासांनी मीटर, १३१. ठीक.

२१ एप्रिल, रविवार

दोन आठवड्यांत वजन ७४.३, दीड किलो वाढलं, हे तेच पाणी परत आलेलं, घाबरले नाही. मीटरने बघितलेलं, प्रत्येक वेळी जेवणानंतर दोन तासांनी: एक भाकरी आणि भाजी १२८ ते १३५. वाटीभर भात आणि पातळ आमटी १६२. तोच भात आधी भाजी-काकडी-अंडं खाऊन मग खाल्ला तर १४४. मिसळपाव, ऑफिसात शनिवारी, १७८. हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण मीटर घरात असेल तर असं आठ-दहा वेळा बघून ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडतं.

आता रोज कार्ब्स ९० ते ११० च्या मधे. एक भाकरी, एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, भात रविवारी. चहा बिनसाखरेचाच राहिला, ती सवय गेली ती गेलीच.

२९ जून, शनिवार

वजन ७३.६. एलडीएल १३३, ट्रायग्लिसराईड १२९, एचबीएवनसी ५.७. म्हणजे एलडीएल बरंचसं खाली आलं आणि साखर जवळपास तिथेच राहिली. केस गळणं मे अखेरीला थांबलं, पुढच्या बाजूला नवे बारीक केस दिसतात. दुपारची पेंग परत आलेली नाही, फक्त ज्या दिवशी डब्यात पोळ्या जास्त असतात त्या दिवशी येते.

सासूबाईंचं ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी अर्ध्यावर आणलं, रात्रीचा भात कमी करून आणि आठवड्यातून दोनदा मीटर बघून, सगळं त्यांना सांगून. मीटर आता त्यांच्याच फडताळात असतं, सुई टोचायला त्या नातीला बोलावतात आणि आकडा वहीत लिहून घेतात. काल सकाळचा ११८.

पुढचं लिपिड डिसेंबरमधे. काही बदललं तर इथेच तारीख टाकून लिहीन.